संगणकातील इंजिन: सिम्युलेशनचा इतिहास आणि त्यामागची मोजमापे

प्रयोगशाळेत तुम्ही सिम्युलेशन सॉफ्टवेअर उघडता, बोअर, स्ट्रोक आणि कॉम्प्रेशन रेशो भरता. काही मिनिटांत सिलिंडरमधील दाबाचा आलेख पडद्यावर येतो. तो इतका गुळगुळीत असतो की त्यावर शंका घ्यावीशी वाटत नाही. ही शंका घ्यायला शिकायचे असेल, तर हे सॉफ्टवेअर कसे घडत गेले ते पाहावे लागेल. या इतिहासात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: जिथे सिद्धान्त थांबला, तिथे कोणीतरी प्रत्यक्ष मोजून एक आकडा दिला आणि तो आकडा समीकरणात कायमचा बसला.

१. संगणकापूर्वीचे गणित

निकोलस ऑटो यांचे चार-स्ट्रोक इंजिन १८७६ मध्ये चालू झाले ते मुख्यतः कारागिरी आणि प्रयोगांच्या बळावर. रुडॉल्फ डिझेल यांनी उलट वाट धरली. कार्नो यांच्या सिद्धान्तावरून त्यांनी आधी कागदावर इंजिन मांडले आणि १८९३ मध्ये ते पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. ज्वलनाच्या वेळी तापमान वाढू द्यायचे नाही, ही त्यांची मूळ कल्पना होती. त्यासाठी सुमारे २५० वातावरण इतका दाब लागणार होता. त्या काळच्या यंत्रांना तो पेलणारा नव्हता. त्याच वर्षी ऑग्सबर्ग येथे पहिले प्रायोगिक इंजिन उभे राहिले, पण ते स्वतःच्या बळावर चालले नाही. पुढे डिझेल यांनी दाब कमी केला आणि स्थिर तापमानाऐवजी साधारण स्थिर दाबाखालील ज्वलन स्वीकारले. १८९७ मध्ये प्राध्यापक मॉरित्स श्रोटर यांनी चाचणी घेतली, तेव्हा कार्यक्षमता २६.२ टक्के भरली. वाफेच्या इंजिनांच्या तुलनेत हे मोठे यश होते, पण मूळ गणिताने दाखवलेल्या स्वप्नापेक्षा ते बरेच कमी होते.

गणिताने दिशा दाखवली आणि चाचणीने गणित दुरुस्त केले. पुढच्या शंभर वर्षांतही हेच घडत राहिले.

आदर्श ऑटो चक्रात आपण सिलिंडरमध्ये फक्त हवा आहे असे मानतो. १९३६ मध्ये एमआयटीतील संशोधकांनी इंधन-हवेच्या प्रत्यक्ष मिश्रणाचे गुणधर्म दाखवणारे तक्ते प्रसिद्ध केले. ते वापरून काढलेले उत्तर वास्तवाच्या बरेच जवळ आले, तरी प्रत्यक्ष इंजिन त्याच्या ८० ते ९० टक्केच काम देई. उरलेली तूट प्रामुख्याने दोन गोष्टींमुळे होती. ज्वलन क्षणात पूर्ण होत नाही आणि बरीच उष्णता सिलिंडरच्या भिंतींतून निघून जाते.

२. संगणक आला, दोन प्रश्न उरले

१९६० च्या दशकात संगणक इंजिनाच्या गणितासाठी वापरात आले. ३००० आरपीएमवर क्रँकचा एक अंश म्हणजे सेकंदाचा १८,००० वा भाग. चार-स्ट्रोक इंजिनाचे पूर्ण चक्र ४० मिलिसेकंदांत संपते. अंशाअंशाने दाब आणि तापमान काढत जाणे हाताने फार कंटाळवाणे होते, संगणकाला ते सोपे होते. पण दर अंशाला इंधन किती जळाले आणि भिंतीत उष्णता किती गेली, हे संगणकाला कोणी सांगायचे?

पहिल्या प्रश्नाला सोव्हिएत संघातील चेल्याबिन्स्क येथील इव्हान वीबे यांनी उत्तर दिले. जळालेल्या इंधनाचे प्रमाण इंग्रजी एस अक्षरासारख्या वक्राने वाढते, असे त्यांनी मांडले. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये आजही वीबे फंक्शन असते. त्यातील ‘ए’ हा स्थिरांक बहुधा ५ घेतात, म्हणजे ठरवलेल्या कालावधीअखेर ९९.३ टक्के इंधन जळलेले असते. ‘एम’ हा वक्राचा आकार ठरवतो. ज्योत कशी पसरते हे हे सूत्र सांगत नाही. मोजलेल्या दाबावरून काढलेल्या वक्राला ते फक्त नीट जुळते.

दुसऱ्या प्रश्नाचे सर्वात गाजलेले उत्तर गेरहार्ड वोश्नी यांनी १९६७ मध्ये दिले. नळीतील टर्ब्युलंट प्रवाहाच्या सूत्रातील ०.८ हा घातांक त्यांनी घेतला आणि सिलिंडरमधील वायूचा वेग पिस्टनच्या सरासरी वेगाशी जोडला. कॉम्प्रेशनच्या काळासाठी त्या वेगाला २.२८ ने गुणायचे. हा २.२८ कोणत्याही मूलभूत नियमातून निघालेला नाही. तो चालत्या इंजिनावरील मोजमापांतून आला आहे.

याच काळात ब्रिटनमध्ये रोलंड बेन्सन आणि सहकाऱ्यांनी इनटेक आणि एक्झॉस्ट नळ्यांतील दाबलहरींचे गणित संगणकावर आणले. त्याआधी अभियंते हे काम कागदावर रेषा काढून करत. आजच्या एकमितीय सॉफ्टवेअरचा पाया इथे घातला गेला.

३. सरासरी पुरेनाशी झाली

अमेरिकेच्या १९७० च्या क्लीन एअर ॲक्टने गाड्यांच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन सुमारे ९० टक्क्यांनी कमी करण्याची सक्ती केली. १९७३ मध्ये तेलसंकट आले. आता फक्त दाबाचा आलेख पुरेसा नव्हता. नायट्रोजनची ऑक्साइड तयार होतात ती सिलिंडरच्या अतिउष्ण भागांत. सरासरी तापमान माहीत असले तरी त्यांचा अंदाज बांधता येत नाही. सिलिंडरच्या आत कुठे काय चालले आहे, हे कळणे गरजेचे झाले.

अमेरिकेतील लॉस अलामोस राष्ट्रीय प्रयोगशाळेने १९८५ मध्ये ‘किवा’ हा त्रिमितीय प्रोग्राम प्रसिद्ध केला. किवा म्हणजे प्युब्लो आदिवासींची जमिनीखालची गोल धर्मविधींची खोली. तिच्यात छतातून शिडीने उतरतात. इंजिनातही वायूंची ये-जा वरच्या हेडमधील व्हॉल्व्हमधूनच होते, म्हणून हे नाव. किवाचा मूळ कोड संशोधकांना मिळत असल्याने जगभरातील विद्यापीठांनी त्यात आपापली मॉडेल जोडली. पण फवाऱ्याचे थेंब कसे फुटतात, टर्ब्युलन्स किती आहे, यांसाठी पुन्हा मोजून काढलेले स्थिरांकच लागले.

४. एका चित्राने दिलेला धडा

डिझेलचा फवारा कसा जळतो, याचे एक चित्र अनेक वर्षे मान्य होते. मध्ये द्रव थेंबांचा गाभा आणि बाहेरच्या कडेला ज्योत. १९९७ मध्ये अमेरिकेतील सँडिया प्रयोगशाळेच्या जॉन डेक यांनी काचेच्या खिडक्या बसवलेल्या इंजिनात लेझरने पाहिलेल्या निरीक्षणांवरून नवे चित्र मांडले. द्रव इंधन नॉझलपासून थोड्याच अंतरावर पूर्ण वाफ होते. त्यापुढे इंधनसमृद्ध मिश्रण जळते, काजळी फवाऱ्याच्या आतील संपूर्ण भागात दिसते आणि कडेला ज्योतीचा पातळ थर असतो.

विचार करा. जुन्या चित्रावर बेतलेले मॉडेल दाबाचा आलेख जुळवून देऊ शकते, कारण स्थिरांक बदलता येतात. पण काजळी कुठे तयार होते हे ते चुकीच्याच ठिकाणी दाखवेल. आलेख जुळला म्हणून कारण बरोबर आहे, असे नसते.

५. आज

२००७ मध्ये कमिन्सने बाजारात आणलेल्या ६.७ लिटर आयएसबी डिझेल इंजिनाची रचना संगणकीय मॉडेल आणि विश्लेषणाच्या आधारेच झाली आणि चाचणी शेवटी, पडताळणीपुरती झाली. हे मोठे यश होते. पण त्या मॉडेलच्या मागे कित्येक दशकांची मोजमापे उभी होती, हे लक्षात ठेवा.

आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा लागू झाले आणि २०२३ पासून प्रत्यक्ष रस्त्यावर धूर मोजण्याची अटही आली. पुण्यातील एआरएआयसारख्या संस्था प्रमाणपत्र देतात, त्यासाठी धूर प्रत्यक्ष मोजावाच लागतो. शहरातील माणूस श्वासाबरोबर घेतो तो टेलपाइपमधून आलेला धूर, पडद्यावरचा आकडा नव्हे.

स्वाध्याय

१. तुमच्या मॉडेलमधील प्रत्येक स्थिरांकाची यादी करा. पुढे लिहा: मूलभूत नियमातून आला, मोजमापातून आला, की सॉफ्टवेअरने आधीच भरलेला होता?

२. महाविद्यालयातील इंजिनाचा मोजलेला दाब एका लोडवर घेऊन वीबे फंक्शन जुळवा. तेच स्थिरांक ठेवून दुसऱ्या लोडचा अंदाज काढा आणि प्रत्यक्ष मोजून ताडून पाहा. जो फरक येईल तो अहवालात लपवू नका. तुमचे मॉडेल कुठवर चालते, हे तोच सांगतो.