अव्यक्त आणि चल

‘५क्ष + ७’ मध्ये ५ हा सहगुणक, क्ष हे चल आणि ७ हे स्थिर पद, असे मी पेणला आणि रोह्याला वर्षानुवर्षे शिकवले. भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’त, इ. स. ११५० च्या सुमारास, हीच राशी ‘या ५ रू ७’ अशी लिहीत. ‘या’ म्हणजे यावत्तावत्, जितके असेल तितके. ‘रू’ म्हणजे रूप; रुपये नव्हेत! आणखी अज्ञात संख्या आल्या की कालक, नीलक, पीतक ही रंगांची नावे. बेरजेला चिन्ह नाही, पदे नुसती शेजारी ठेवायची. ऋण संख्येवर टिंब. वर्ग, घन हे शब्द आजही तेच आहेत. अज्ञाताला मात्र ते ‘अव्यक्त’ म्हणत.

माझ्या मते ‘चल’ हा त्याचा खरा वारस नव्हे. पेणच्या कारखान्यात सारख्या किमतीच्या ५ गणेशमूर्ती घेतल्या, वर ७ रुपये दोरीचे दिले. एकूण रक्कम ठाऊक आहे, मूर्तीची किंमत नाही. ती किंमत बदलत नाही, नुसती दडलेली असते. रोह्याशेजारी धाटावच्या रसायन कारखान्यात तापमान चढते-उतरते, तिथे ‘चल’ शोभते. शाळेत दोन्हींना एकच शब्द. मग समीकरण सोडवून झाल्यावर एखादा मुलगा विचारतोच, “सर, किंमत एकच निघाली, तर हे चल कसे?”