मेडे, तीन वेळा

गुरुवार, १९ जून २०२५. अहमदाबादच्या विमान अपघाताला आठवडा झाला. तिथं मेडेचा, म्हणजे जीवावर बेतल्याचा, पुकारा झाला आणि सहा सेकंदांत फ्लाइट रेकॉर्डर थांबला.

दुपारी ४.४०च्या सुमारास. इंडिगोचं ६ई-६७६४ गुवाहाटीहून चेन्नईला निघतं. १६८ प्रवासी. अशा उड्डाणात चेन्नईपर्यंतचं इंधन लागतं, तिथं उतरता आलं नाही तर दुसऱ्या विमानतळापर्यंतचं लागतं, आणि तळाशी शेवटची राखीव असते: १५०० फुटांवर तीस मिनिटं घिरट्या घालता येतील इतकी. आजारपणासाठी डब्यात वेगळा ठेवलेला पैसा असावा तशी ही राखीव. असते, पण मोडायची नसते.

संध्याकाळी ७.४५च्या सुमारास. चेन्नईत उतरता उतरता विमान पुन्हा वर घेतलं जातं. आकाशात गर्दी होती, असं कंपनीनं नंतर सांगितलं. पूर्ण जोर लावून वर चढताना इंधन भराभर जळतं. पुन्हा प्रयत्न न करता विमान बंगळूरकडे वळतं. अडीचशेहून अधिक किलोमीटर.

आठनंतर. बंगळूर ३५ मैलांवर. खाली कोलार, पुढे होसकोटे. जुन्या मद्रास रस्त्यावर या वेळी ट्रकच्या दिव्यांची रांग असते. कॉकपिटमधून शब्द जातो: मेडे, मेडे, मेडे.

इथं जरा थांबावंसं वाटतं. धोका आहे पण जीवावर बेतलेलं नाही, तेव्हा 'पॅन-पॅन' तीनदा म्हणतात. 'मिनिमम फ्युएल' ही नुसती सूचना. तिनं रांगेत पुढचा नंबर मिळत नाही. उतरेपर्यंत ती राखीव मोडणार असा हिशोब दिसला, की मेडेच म्हणायचं, इंजिनं धडधाकट चालू असली तरी. या नियमामागे माणसं गेली आहेत. २५ जानेवारी १९९० रोजी एव्हिआंकाचं बोइंग ७०७ न्यूयॉर्कला जाताना एकूण १ तास १७ मिनिटं आकाशात ताटकळलं. कॅप्टन सहवैमानिकाला सांगत होता, आणीबाणी आहे म्हणून कळव. सहवैमानिकानं कळवलं, इंधन संपत आलंय. नेमका शब्द गेलाच नाही. रात्री ९.३४ला विमान टेकडीवर आदळलं; १५८ पैकी ७३ जण गेले. आग लागली नाही. पेट घ्यायला टाकीत काही उरलंच नव्हतं.

कोलारच्या आकाशात तो शब्द वेळेत उच्चारला गेला. कंट्रोलरनं जमिनीवरच्या लोकांना सावध केलं. अग्निशामक आणि वैद्यकीय पथकं सज्ज झाली.

सव्वाआठ ते साडेआठच्या दरम्यान. चाकं बंगळूरच्या देवनहळ्ळी विमानतळाच्या धावपट्टीला टेकतात. सगळे सुखरूप.

दोन्ही वैमानिकांना पुढे चौकशीसाठी ड्युटीवरून बाजूला ठेवलं गेलं. इंधन इतकं खाली कसं गेलं, हे विचारायलाच हवं. पण मला काळजी आहे ती पुढच्या एखाद्या रात्रीची. काटा खाली येत असताना माइक हातात धरलेल्या माणसाच्या मनात ही चौकशी आली आणि तो मिनिटभर थांबला, तर?

रात्री साडेअकराच्या सुमारास. इंधन भरून, नव्या वैमानिकांसह, तेच विमान चेन्नईत उतरतं.