आधी पुदिना, मग मिंथे

पुदिन्याच्या जन्माची ग्रीक कथा बहुतेक ठिकाणी एकाच सुरात सांगितली जाते. मिंथे ही पाताळातल्या कोकितोस नदीची अप्सरा. आपल्याकडच्या सातीआसरांसारखी पाण्याशी बांधलेली, देखणी आणि खोडकर. मृतांचा राजा हेडीस याची ती आवडती. हेडीसने पर्सेफोनीला पळवून आणून राणी केलं, तशी मिंथे मागे पडली. पण ती गप्प बसली नाही. आपण रूपाने राणीपेक्षा सरस आहोत, राजा आपल्याकडेच परत येईल आणि तिला घराबाहेर काढेल, असं ती बोलत सुटली. या बढाईपायी तिला तुडवून मातीत मिसळलं गेलं आणि त्या मातीतून सुगंधी रोप वर आलं. त्याला तिचंच नाव पडलं. माझं म्हणणं याच्या उलट आहे. रोप आधीचं, नावही आधीचं. अप्सरा त्यांच्यामागून आली. ज्यांनी तिला घडवलं त्यांनी हे रोप वाफ्यात वाढताना फार बारकाईने पाहिलं होतं.

पहिला पुरावा कोठारातला आहे. मायसीनीच्या तटबंदीबाहेरच्या घरांत मातीच्या पाट्या सापडल्या. त्या इसवी सनापूर्वी तेराव्या शतकातल्या, लिनिअर बी लिपीतल्या. धणे, जिरे, तीळ यांच्या हिशेबात तिथे पुदिनाही आहे, ‘मिता’ या नावाने. मिंथेची गोष्ट मात्र आपल्या हाती लागते ती इसवी सनाच्या आरंभी, स्ट्रेबोच्या भूगोलात आणि ओव्हिडच्या ‘मेटामॉर्फोसिस’मध्ये. मधे सुमारे बाराशे वर्षं जातात. यावर कुणी म्हणेल की लिहिलेली सापडली नाही म्हणून गोष्ट नव्हतीच असं ठरत नाही. कोठाराच्या यादीत कारकून अप्सरेची प्रेमकथा कशाला लिहील? हा आक्षेप रास्त आहे. नुसत्या तारखांवर माझा दावा उभा राहणार नाही, म्हणून कथेच्या आत शिरून पाहायला हवं.

कथा चार ठिकाणी चार तऱ्हांची आहे. स्ट्रेबोच्या मते पर्सेफोनीनेच मिंथेला तुडवलं. दुसऱ्या शतकातला ऑपियन मासेमारीवरच्या काव्यात ती बढाई सांगतो, पण त्याच्याकडे तुडवणारी आहे पर्सेफोनीची आई, धान्याची देवी डीमीटर. निकँडरच्या विषोपचारांवरील काव्याच्या जुन्या टीकेत पर्सेफोनी मिंथेचे तुकडे करते आणि हेडीस तिच्या आठवणीसाठी ते रोप उगवतो. ओव्हिड तर एका ओझरत्या उल्लेखावर भागवतो. शिक्षा कुणी केली आणि रोप कुणी उगवलं याबद्दल एकमत नाही. पण तुडवणं किंवा तुकडे होणं, जमिनीखालचं घर आणि तिथून पुन्हा वर येणं या गोष्टी सुटत नाहीत, आणि यातली प्रत्येक गोष्ट पुदिन्याच्या वाफ्यात दिसते. पानावर पाय पडला की वास दरवळतो, कारण तेलाच्या सूक्ष्म ग्रंथी पानाच्या पृष्ठभागावरच असतात. रोप उपटलं तरी मातीत राहिलेल्या तुकड्याला फुटवा येतो. खरा पसारा जमिनीलगत आणि जमिनीखाली धावणाऱ्या आडव्या खोडांचा असतो. कथेतली पात्रं बदलत राहिली, वनस्पतीचे गुण टिकले. कथा आधी असती आणि रोपाला मागाहून चिकटवली असती, तर याच्या उलट झालं असतं.

पण असं निरीक्षण गवताबद्दलही करता आलं असतं. मग पाताळाच्या राजाची रखेल पुदिनाच का झाली? मृतदेहाची दुर्गंधी झाकायला पुदिना वापरत, म्हणून तो हेडीसचा झाला, हे नेहमीचं उत्तर मला अपुरं वाटतं. सुगंधी वनस्पती पुष्कळ होत्या, त्या सगळ्या काही हेडीसच्या झाल्या नाहीत. मार्सेल देतिएन या फ्रेंच अभ्यासकाने १९७२ साली ॲडोनिसच्या बागांवरच्या पुस्तकात अधिक पटणारी वाट दाखवली. धान्य म्हणजे डीमीटर, म्हणजे लग्न आणि संतती. मिंथे म्हणजे सुगंध, मोह आणि निष्फळता. ग्रीक वैद्यकही याच दिशेला बोट दाखवतं. हिप्पोक्रेटिसच्या परंपरेतला आहारावरचा ग्रंथ सांगतो की पुदिना वरचेवर खाल्ला तर वीर्य पातळ होतं आणि पुरुषत्व ढिलं पडतं. वैद्य डायोस्कोरिडीस त्याला कामोत्तेजक म्हणतो आणि लगोलग गर्भ राहू नये म्हणून त्याचा उपयोगही सांगतो. ओढ लावणारी, पण फळ न देणारी वनस्पती! स्ट्रेबोने दिलेला भूगोलही याला जुळतो. पायलॉसच्या पूर्वेला मिंथे नावाचा डोंगर, त्याच्याजवळ हेडीसचं पवित्र आवार आणि पायलॉसच्या मैदानाच्या वरच्या अंगाला डीमीटरची राई. जावई आणि सासू शेजारी, मधे डोंगर होऊन बसलेली सवत. हेडीसची पूजा ग्रीसमध्ये फार थोड्या ठिकाणी होत असे. अशा जागी डोंगराचं नाव, रोपाचं नाव आणि दोन देवतांचं शेजारपण यांतून कथा रुजली असावी, हे मला सर्वांत संभवनीय वाटतं.

आजच्या माणसांत मिंथेने जो संसार मांडला आहे, त्याचं श्रेय तिच्या गारव्याला दिलं जातं. १७७१ मध्ये गाउबियस या शास्त्रज्ञाने पुदिन्याच्या तेलातून मेंथॉल वेगळं केल्याची नोंद आहे. २००२ मध्ये डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापुटियन यांच्या गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं की थंडी ओळखणारं चेतातंतूंवरचं टीआरपीएम-८ हे ग्राहक प्रथिन मेंथॉलनेही उघडतं. तापमान तेच राहतं, मेंदूला मात्र गारठा कळतो. ही खोडी अप्सरेला शोभेलशी आहे, पण निरुपद्रवी नाही: सिगारेटच्या धुराचा कडकपणा याच गारव्याआड लपतो, आणि म्हणून युरोपियन युनियनने मे २०२० पासून मेंथॉल सिगारेटवर बंदी घातली.

मात्र हा गारवा मिंथेच्या कथेत शोधणं चुकीचं ठरेल. ग्रीक बागेतला पुदिना बहुधा आजच्या स्पिअरमिंटच्या जातीचा, आणि त्याचा वास मुख्यतः कार्व्होनचा. मेंथॉल त्यात जवळपास नसतंच. हिप्पोक्रेटिसचा ग्रंथ आणि डायोस्कोरिडीस दोघेही पुदिन्याला उष्ण म्हणतात. ॲरिस्टॉटलच्या नावावरच्या ‘प्रॉब्लेम्स’ संग्रहात युद्धकाळी पुदिना खाऊ नये, लावू नये, कारण तो शरीर थंड करतो, असं आहे खरं. पण तिथला पुरावा वीर्यनाशाचा आहे, जिभेवरच्या गारव्याचा नाही. म्हणजे गारवा ही मिंथेची नवी कमाई. जुनं टिकलं आहे ते निष्फळपण आणि जमिनीखालचं घर. जॉन रे याने १६९६ मध्ये इंग्लंडमधून नोंदवलेला पेपरमिंट हा पाणपुदिना आणि स्पिअरमिंट यांचा संकर. त्याला रुजणारं बी जवळजवळ धरतच नाही. जगाला नैसर्गिक मेंथॉलचा सर्वांत मोठा पुरवठा आज भारत करतो, तो मुख्यतः उत्तर प्रदेशातल्या बाराबंकीसारख्या जिल्ह्यांतून, आणि त्या मेंथा तेलाचे वायदे मुंबईच्या एमसीएक्स या बाजारात होतात. बाराबंकीकडची जात वेगळी, मेंथा आर्व्हेन्सिस, म्हणजे जपानी पुदिना. तिच्या तेलात ७० टक्क्यांच्या आसपास मेंथॉल असतं. पण तिचीही लागवड बियांनी होत नाही. बियांपासून आलेल्या रोपांत आईचे गुण हमखास उतरत नाहीत, म्हणून शेतकरी जानेवारी-फेब्रुवारीत जमिनीखालची आडवी खोडं, म्हणजे सकर, उकरतो, त्यांचे तुकडे करतो आणि सरीत गाडतो. जूनच्या सुमारास कापणी होते आणि पाला भट्टीवर जातो.