मेंढीचा संकर : रक्त आणि रान

आपल्या वाडवडिलांनी मेंढरांच्या मागे रानोमाळ आयुष्य वेचले. कळपासाठी मेंढा राखताना ते त्याचे पाय, छाती आणि त्याच्या आईचे दूध पाहून निवड करीत. संकराचे शास्त्र नवे असले तरी त्याचे मूळ अशा वाड्यावरच्या पारखीत आहे.

१७९२ व १७९३ साली बंगालमधून काही मेंढ्या जहाजाने ऑस्ट्रेलियात गेल्या. एका वेतात दोन-तीन कोकरे देणे हा त्यांचा गुण. पुढे न्यू साउथ वेल्समधील 'बुरूला' येथील मेरिनो कळपात असाच गुण आढळला. २००१ साली त्याचे जनुक सापडले आणि २००२ साली सुंदरबनातील गारोळ मेंढीतही तेच असल्याचे दिसून आले.

गारोळ मेंढी अवघी दहा-पंधरा किलोंची. दख्खनी मेंढी अंगाने मोठी, पण बहुधा एकच कोकरू देणारी. फलटण येथे १९६८ साली श्री. बनबिहारी निंबकर यांनी स्थापिलेल्या संस्थेने या दोहोंचा संकर केला. पुढील पिढ्यांत दख्खनी रक्त वाढविले, मात्र जुळ्यांचे जनुक तेवढे राखले. यातून 'नारी सुवर्णा' मेंढी सिद्ध झाली.

परंतु केवळ रक्ताने मेंढी घडत नाही. चारा पचविणारे असंख्य सूक्ष्म जीव तिच्या कोटीपोटात असतात. त्यांनी चाऱ्यापासून केलेल्या आम्लांवरच तिचा निर्वाह होतो. नवजात कोकराचे कोटीपोट अपुरे असते. आईचे चाटणे, वाडा आणि चारा यांतून हे जीव त्याच्या पोटी वस्ती करतात. त्यांवर वंशाचाही काही परिणाम होतो, तथापि चाऱ्याचा प्रभाव मोठा. म्हणून बाहेरचा मेंढा आणून चालेल. पण कोकराला आईचे दूध, आईची संगत आणि आपल्या रानाचा पाला लाभलाच पाहिजे. चारा बदलायचा झाल्यास तो हळूहळू बदलावा, म्हणजे पोटातील वस्तीलाही सवड मिळते.

मऊ लोकरीसाठी पूर्वी परदेशी मेंढ्यांशीही संकर झाले. आपल्या घोंगडीला मात्र काळी, भरड लोकर लागते, आणि आपल्या मेंढीला उन्हातान्हात दूरची चाल करावी लागते. जुळी कोकरे झाली तरी त्यांना पुरेल एवढे दूध आणि चारा नसेल, तर तो लाभ कागदावरच राहतो.

तरुण समाजबांधवांस एवढीच विनंती, की नवे अवश्य स्वीकारावे; पण प्रत्येक वाड्यात अस्सल दख्खनी मेंढ्या राखाव्यात. हे बीज एकदा गेले, तर कोणत्याही संकराने ते परत येणार नाही.