कॉर्नेलिया सोराबजी : पर्दानशीन स्त्रिया आणि अज्ञान वारसांच्या वकील

भारतातील पहिल्या महिला वकील म्हणून कॉर्नेलिया सोराबजी यांचे नाव घेतले जाते. त्या कोणासाठी वकिली करत, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. आम्हां इंदूरकरांना ते माहीत असायला हवे, कारण त्या कामात इंदूरचाही उल्लेख येतो.

जन्म नाशिकचा, १५ नोव्हेंबर १८६६. वडील पारशी घराण्यातून ख्रिस्ती झालेले. आई फ्रान्सिना यांनी पुण्यात शाळा चालवल्या. डेक्कन कॉलेजात त्या उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाल्या, पण विलायतेची सरकारी शिष्यवृत्ती स्त्री म्हणून नाकारली गेली. मग इंग्लंडमधील हितचिंतकांनी पैसे जमवले आणि १८८९ मध्ये त्या ऑक्सफर्डला गेल्या. १८९२ मध्ये तिथली बी.सी.एल. परीक्षा देणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. पदवी हातात पडायला मात्र १९२२ उजाडले!

परतल्यावर त्यांनी पर्दानशीन स्त्रियांचे प्रश्न हाती घेतले. या स्त्रियांच्या नावावर मोठ्या मालमत्ता असत, पण परपुरुषाशी बोलायची मुभा नसल्याने वकील गाठणेच अवघड. कारभारी किंवा दीर-भावजी सांगतील ते खरे मानायचे आणि पुढे येईल त्या कागदावर अंगठा उठवायचा. सोराबजी थेट जनानखान्यात जाऊन गाऱ्हाणे ऐकू शकत. काठेवाड आणि इंदूर येथील ब्रिटिश एजंटांपुढे त्यांची बाजू मांडायची खास परवानगी त्यांना मिळाली होती. कोर्टात उभे राहण्याचा हक्क मात्र नव्हता, मुंबईची एलएल.बी. (१८९७) आणि अलाहाबाद हायकोर्टाची वकिलीची परीक्षा (१८९९) उत्तीर्ण होऊनही.

१९०४ मध्ये बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्सने त्यांना नेमले. वारस अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, असला की त्याची इस्टेट हे खाते सांभाळी. घरातील विधवा आणि मुले यांच्यापर्यंत पोहोचणे हे सोराबजींचे काम. पुढे बिहार, ओरिसा, आसामही त्यांच्याकडे आले. सुमारे ६०० स्त्रिया व अनाथ मुलांना त्यांची मदत झाल्याचे सांगतात.

१९२१ मध्ये अलाहाबाद हायकोर्टाने त्यांना सनद दिली. १९२३ च्या कायद्याने स्त्रियांना वकिलीचा मार्ग मोकळा झाला आणि १९२४ मध्ये, वयाच्या ५७ व्या वर्षी, त्या कलकत्त्यात वकिली करू लागल्या. गांधीजींच्या चळवळीला त्यांचा विरोध होता. आम्हांला वाटते, आपल्याकडे त्या विस्मृतीत जाण्याचे तेही एक कारण असावे. १९२९ मध्ये त्यांनी वकिली सोडली. ६ जुलै १९५४ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.