राज्य बदलले, तह राहिला

आपला बिशप कोण नेमतो, असे शहाद्यातील आपल्या कोणाही मुलास पुसले, तर ते पोपमहाराजांचेच नाव सांगेल. १९८७ साली नाशिक धर्मप्रांत स्थापन झाला, तेव्हा कोणा राजाची संमती विचारावी लागली नाही. परंतु १९५० पर्यंत मुंबईची गोष्ट निराळी होती.

पूर्वेकडील धर्मकार्याचा भार वाहण्याच्या मोबदल्यात बिशपांची नावे सुचविण्याचा जो हक्क पोपांनी पोर्तुगालच्या राजास दिला, तो पाद्रोआदो. २३ जून १८८६ च्या तहाने तो आकुंचित झाला, नष्ट झाला नाही. पुढे १९१० साली पोर्तुगालात राजाच उरला नाही; प्रजासत्ताक आले, रोमशी वितुष्ट आले. तरीही राजाचा हक्क राष्ट्राध्यक्षाकडे आलाच! १५ एप्रिल १९२८ च्या करारात तर असे ठरले की, मुंबईचा आर्चबिशप आळीपाळीने पोर्तुगीज व ब्रिटिश असावा. त्याप्रमाणे प्रथम जोआकिम लिमा आले. त्यांच्यामागून १९३७ साली इंग्रज जेझुइट थॉमस रॉबर्ट्स.

मग १९४७ उजाडले. ब्रिटिश हिंदुस्थानच्या तहांतील हक्क व जबाबदाऱ्या १४ ऑगस्टच्या आदेशाने भारत व पाकिस्तान यांजकडे गेल्या. हा तह मात्र त्या आदेशात येईना. तो रोम व लिस्बन यांमधला, आणि ते दोघेही होते तेथेच होते. सत्तांतर झाले ते ज्या भूमीवर तो चाले तिचे. म्हणजे कागदाप्रमाणे पुढची पाळी पोर्तुगीजाची! इंग्रज गेला त्याच मुंबईत पोर्तुगीज आचार्य यावा, हे आमच्या देशनिष्ठेवर बोट ठेवू पाहणाऱ्यांस आयतेच निमित्त झाले असते.

रॉबर्ट्स यांनी १९४६ पासून साहाय्यक बिशप असलेल्या, कराचीत जन्मलेल्या व्हॅलेरियन ग्रेशस यांजवर कारभार सोपवून स्वतः दूर राहणे पत्करले. त्यांच्या या निरहंकाराचे स्मरण आपल्याकडे फारसे होत नाही, याचे मला वाईट वाटते. परंतु एकाच्या सौजन्याने तह सुटत नाही. तो करणाऱ्यांनीच सोडावा लागतो. १८ जुलै १९५० रोजी पोर्तुगालने मुंबई व इतर काही धर्मप्रांतांवरील हक्क सोडला. डिसेंबरात ग्रेशस आर्चबिशप झाले, १९५३ साली कार्डिनल.

गोव्याचा हक्क मात्र पोर्तुगालने राखला होता. १९६१ साली गोवा मुक्त झाला, पुढल्याच वर्षी तेथील पोर्तुगीज आर्चबिशप आल्व्हेर्नाझ निघून गेले. पद मात्र १९७५ पर्यंत त्यांच्याच नावे राहिले.