मृत्यूच्या फॉर्मवरचा तिसरा पर्याय



निफाड म्हटले की पुस्तकी इतिहासाला न्यायमूर्ती रानड्यांचा 1842 चा जन्म आठवतो आणि वर्तमानपत्रांना लासलगावचा कांदा. आपल्या चळवळीला हा तालुका आठवतो तो वाटेवरचा म्हणून. एका बाजूला नाशिक आणि 1930 चा काळाराम सत्याग्रह, दुसऱ्या बाजूला येवला आणि 13 ऑक्टोबर 1935 ची धर्मांतराची घोषणा. मंदिराचा लढा आपण पाठ केला, पाण्याचा केला. दवाखान्याच्या दाराचा मात्र आपण विसरलो.

4 ऑगस्ट 1923 ला सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदे कौन्सिलात मांडलेला ठराव चवदार तळ्यामुळे सर्वांना माहीत आहे. पण त्यात फक्त पाणवठे नव्हते. सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या होत्या आणि दवाखानेही होते. म्हणजे सरकारी पैशाने चालणाऱ्या दवाखान्यात अस्पृश्याला जाता यावे, यासाठी शंभर वर्षांपूर्वी ठराव करावा लागला. पुढच्याच महिन्यात सरकारने आदेश काढला आणि गोम तिथेच आहे. सरकारच्या स्वतःच्या संस्थांना अंमलबजावणीचा हुकूम झाला. नगरपालिका आणि लोकल बोर्डांसाठी मात्र कलेक्टरांनी त्यांना ‘विचार करण्याचा’ सल्ला द्यावा, एवढेच. सल्ला मानला नाही तर काय? त्याला उत्तर नव्हते. म्हणून 5 ऑगस्ट 1926 ला बोल्यांना पुन्हा उभे राहावे लागले : जी स्थानिक मंडळे ठराव पाळत नाहीत त्यांचे अनुदान बंद करा. स्थानिक सत्ता गावच्या सवर्णांच्या हातात आणि तिला जाब विचारणारा कोणी नाही, हे दुखणे तेव्हाचेच आहे.

दार उघडले तरी उपचार मिळतो का? बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये काठेवाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाची हकीकत दिली आहे. ती 12 डिसेंबर 1929 च्या ‘यंग इंडिया’त पत्ररूपाने छापून आली होती. शिक्षकाची बाळंतीण बायको आजारी पडली. डॉक्टर वस्तीत शिरायला तयार नाही. नगरशेठची रदबदली आणि दोन रुपये फी घेऊन तो आला, पण थर्मामीटर त्याने एका मुसलमानाच्या हाती दिले, त्याने नवऱ्याला, नवऱ्याने बायकोला, आणि परत त्याच क्रमाने. न्युमोनिया असल्याचे सांगून डॉक्टर गेला तो पुन्हा आला नाही. बाई दगावली.

आता हाच मृत्यू आजच्या ग्रामपंचायतीत नोंदवून पाहा. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे गावात ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचा ग्रामसेवक) हा निबंधक. मृत्यूच्या माहितीच्या फॉर्मवर एक प्रश्न आहे : मरण्यापूर्वी कोणते वैद्यकीय उपचार मिळाले? पर्याय तीन. पहिला संस्थेत, दुसरा संस्थेबाहेर, तिसरा काहीच नाही. काठेवाडच्या त्या माउलीसाठी खूण दुसऱ्या पर्यायावर पडेल. डॉक्टर आला होता ना! फॉर्म खोटे बोलला नाही, आणि खरेही बोलला नाही.

तरीही मला तो तिसरा पर्याय मोलाचा वाटतो. आरोग्य योजनांचे आकडे पाहा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा हिशेब किती रुग्णांवर उपचार झाले, किती दावे मंजूर झाले यांचा असतो. जो दवाखान्याच्या पायरीपर्यंत पोहोचलाच नाही, तो या हिशेबात कुठे दिसणार? पेठ-सुरगाण्याहून निफाडच्या द्राक्षबागांत कामाला आलेला आदिवासी मजूर उपचाराविना गेला तर त्याची खूण सापडेल ती याच फॉर्मवर, तीही नोंद झाली तर. मृत्यू जिथे झाला तिथेच नोंदवायचा असतो, म्हणजे त्याची नोंद निफाड तालुक्यात.

पण ही माहिती गावाला दिसत नाही. फॉर्मचे दोन भाग असतात. कायदेशीर भाग निबंधकाकडे राहतो. उपचाराचा, धर्माचा, व्यवसायाचा प्रश्न असतो सांख्यिकी भागात, आणि तो वेगळा काढून वर पाठवला जातो. ग्रामसभेपुढे दिवाबत्तीचा खर्च येतो, उपचाराविना मेलेल्यांची संख्या येत नाही. एकेकाळी गावातल्या मयताचा सांगावा परगावी पोहोचवणे हे महारकीचे सक्तीचे काम होते. साऱ्या गावाच्या मरणाची बातमी आपल्या पूर्वजांनी पायी वाहिली, आणि आज आपल्याच वस्तीच्या मरणाचा आकडा आपल्याला ठाऊक नाही.

त्या सांख्यिकी भागात जात विचारलेली नाही, धर्म विचारला आहे. कोणी म्हणेल, मरणात जात कशाला आणता? 2018 च्या संयुक्त राष्ट्रांच्या महिलाविषयक अहवालात दलित स्त्रीचे मृत्यूसमयीचे सरासरी वय उच्चवर्णीय स्त्रीपेक्षा 14.6 वर्षांनी कमी दिले आहे. जात मरणात आहेच. पण हा आकडा नमुना सर्वेक्षणातून आला. असे सर्वेक्षण देशाचे चित्र देते, निफाडमधल्या एखाद्या वस्तीचे देत नाही.

म्हणून तालुक्यातल्या कार्यकर्त्यांनी दोन कामे हाती घ्यावीत. पहिले, जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाकडे माहिती अधिकारात अर्ज टाकून मागच्या पाच वर्षांची ग्रामपंचायतवार बेरीज मागावी : तिन्ही पर्यायांवर किती मृत्यू? नावे नकोत, फक्त बेरीज. मिळालेला कागद ग्रामसभेत वाचावा आणि इतिवृत्तात घ्यायला लावावा. दुसरे काम घरचे. फॉर्मवर हिंदू, मुस्लिम, ख्रिश्चन हे छापील पर्याय, आणि बाकीच्यांसाठी ‘इतर’, ज्यापुढे धर्माचे नाव हाताने लिहायचे असते. आपल्या घरी कोणी वारले तर दुःखात फॉर्म दुसऱ्यावर सोपवला जातो आणि खूण सवयीने पहिल्या पर्यायावर पडू शकते. तिथे थांबून ‘बौद्ध’ लिहायला सांगा, आणि सही करण्याआधी उपचाराच्या प्रश्नावर कुठे खूण केली आहे तेही वाचून घ्या.